"एक इंजेक्शन, चोवीस तास, चेहरा पूर्वीसारखा": फिलर विरघळवण्याच्या दाव्यात खरं किती?

ओठ, गाल किंवा डोळ्यांखाली भरलेलं फिलर (चेहरा भरदार दिसावा म्हणून त्वचेखाली टोचलेला पदार्थ) नको झालेल्यांना एक संदेश हमखास पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: "घाबरू नका. कोणतंही फिलर विरघळतं. एक इंजेक्शन घ्या, २४ तासांत चेहरा पूर्वीसारखा. औषध म्हणजे शरीरातलंच एन्झाइम, त्यामुळे ॲलर्जीचा प्रश्न नाही. सुई नको असेल तर मालिश करा, सहा महिन्यांत आपोआप जातं. पावडर ऑनलाइन मिळते, सुई टोचता येणारं कोणीही देऊ शकतं." बहुतेक वाक्यांत खऱ्याचा अंश आहे, म्हणून ती पटतात. पण राहिलेल्या भागावर विसंबून चेहऱ्याचं नुकसान होतं. त्यामुळे एकेक वाक्य घेऊ.

"कोणतंही फिलर विरघळतं."

नाही. विरघळतं ते फक्त हायल्युरॉनिक ॲसिडचं, म्हणजे आपल्या शरीरातही असणाऱ्या एका पदार्थाचं. हायल्युरॉनिडेज हे एन्झाइम या ॲसिडच्या लांबलचक साखळीतले दुवे तोडतं. तुकडे पुरेसे लहान झाले की शरीर ते वाहून नेतं. फिलर दुसऱ्या पदार्थाचं असेल तर एन्झाइमला तोडायला काहीच नसतं. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट, पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड, पीएमएमए (प्लास्टिकचे सूक्ष्म कण), सिलिकॉन, पॉलिॲक्रिलामाइड किंवा स्वतःचीच चरबी भरलेली असेल, तर हायल्युरॉनिडेज कितीही दिलं तरी भरलेला पदार्थ तिथेच राहतो. कॅल्शियमचं फिलर बहुधा वर्ष-दीड वर्षात झिजतं. पीएमएमए आणि सिलिकॉन आपोआप जात नाहीत. तिथे गाठीत स्टेरॉइड किंवा ५-फ्लुरोयुरॅसिल (पेशींची वाढ रोखणारं औषध) यांची इंजेक्शनं, नाहीतर शस्त्रक्रिया, एवढेच मार्ग उरतात.

म्हणून डॉक्टरांशी पहिलं बोलणं 'एन्झाइम किती युनिट' याचं नव्हे, 'आत काय आहे' याचं व्हायला हवं. फिलरच्या खोक्यात नाव आणि लॉट नंबर असलेले स्टिकर येतात. त्यातला एक रुग्णाच्या कागदपत्रांवर असायला हवा. तो नसेल तर जिथे फिलर घेतलं तिथून लेखी नोंद मागा. तीही मिळाली नाही तर त्वचेसाठीची उच्च वारंवारतेची सोनोग्राफी उपयोगी पडते. हायल्युरॉनिक ॲसिड काळ्या थैलीसारखं दिसतं, कॅल्शियमचे कण चमकतात आणि त्यांच्याखाली सावली पडते, तर सिलिकॉनमुळे पांढरा धूसर पट्टा उमटतो. फिलर किती खोल आहे, ओठाच्या कडेबाहेर सरकलं आहे का, हेही त्यात कळतं. सोनोग्राफीत बघत थेट साठ्यात सुई नेली तर कमी एन्झाइममध्ये काम होतं.

"एक इंजेक्शन, २४ तासांत पूर्वीसारखं."

एन्झाइम काही मिनिटांत कामाला लागतं आणि त्याचा मोठा परिणाम पहिल्या २४ ते ४८ तासांत दिसतो, इतपत खरं. मात्र याच दोन दिवसांत सुईची सूज आणि काळंनिळंही असतं. आरशात दिसणारा चेहरा फिलर गेल्याचा आहे की सूज चढल्याचा, हे तेव्हा ठरवता येत नाही. निकाल दोन आठवड्यांनी बघायचा आणि पुढची मात्रा द्यायची की नाही तेही तेव्हाच ठरवायचं. पुन्हा फिलर भरायचं असेल तरी किमान तेवढं थांबणं शहाणपणाचं.

मात्रेचा ढोबळ नियम असा सांगितला जातो: एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम हायल्युरॉनिक ॲसिड असलेल्या फिलरच्या दर ०.१ मिलिलिटरला ५ युनिट. प्रत्यक्षात हा आकडा सुरुवातीपुरता असतो. साखळ्या एकमेकींना जितक्या घट्ट जोडलेल्या, जितकं ॲसिड जास्त आणि साठा जितका मोठा व जुना, तितकं एन्झाइम जास्त लागतं. काही चिवट फिलरना याच्या कित्येक पट मात्रा द्यावी लागते. मोठ्या साठ्याच्या फक्त पृष्ठभागाला औषध लागलं तर आतला गोळा शाबूत राहतो. म्हणून सुई साठ्याच्या आत जायला हवी, औषध दोन-तीन जागी पसरून द्यायला हवं आणि नंतर ती जागा बोटांनी चोळून ते आत मुरवायला हवं.

सगळ्यात घातक चूक औषध पातळ करताना होते. कोरड्या पावडरच्या एका कुपीत सहसा १५०० युनिट असतात. ती १० मिलिलिटर सलाईनमध्ये विरघळवली तर ०.१ मिलिलिटरमध्ये १५ युनिट येतात. १ मिलिलिटरमध्येच विरघळवली तर तेवढ्याच थेंबांत १५० युनिट असतात. त्यात भर म्हणजे बरेच जण इन्सुलिनची सिरिंज वापरतात आणि तिच्यावर 'युनिट'चे आकडे असतात. ते इन्सुलिनचे युनिट, हायल्युरॉनिडेजचे नव्हेत. यू-१०० सिरिंजवरचा १० चा आकडा म्हणजे फक्त ०.१ मिलिलिटर. किती तीव्रतेचं द्रावण, किती मिलिलिटर आणि म्हणून किती युनिट, हे तिन्ही आकडे केसपेपरवर लिहून घ्या. दुसऱ्या खेपेला दुसरे डॉक्टर असले तर या नोंदीशिवाय त्यांना अंदाजानेच चालावं लागेल.

'थोडंसंच कमी करा' या मागणीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. एन्झाइम आखलेल्या रेघेशी थांबत नाही. टोचल्या जागेच्या आसपास ते पसरतंच. ओठाची एक गाठ किंवा डोळ्यांखालची निळसर फुगी यासाठी १० ते १५ युनिटसारखी लहान मात्रा देऊन दोन आठवडे थांबणं हा त्यातल्या त्यात नेमका मार्ग. तरी शेजारचं थोडं चांगलं फिलर जाऊ शकतं, याची तयारी आधीच हवी.

"शरीरातलंच एन्झाइम, त्यामुळे ॲलर्जी नाही."

बाटलीतलं एन्झाइम बरेचदा मेंढा किंवा वळूच्या वृषणांपासून काढलेलं असतं. मानवी एन्झाइमची प्रयोगशाळेत बनवलेली आवृत्तीही आहे, तिचा धोका कमी असतो, पण शून्य नाही. ॲलर्जी विरळा दिसते. झाली तर लालसर सूज आणि खाजेपासून ॲनाफिलॅक्सिसपर्यंत, म्हणजे सगळ्या शरीरावर होणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीपर्यंत, काहीही होऊ शकतं. मधमाशी आणि गांधीलमाशीच्या विषातही हायल्युरॉनिडेज असतं, त्यामुळे दंशानंतर ज्यांना गंभीर रिॲक्शन आली होती त्यांनी ते आधीच सांगायला हवं.

चाचणी म्हणून हाताच्या आतल्या बाजूला त्वचेत थोडं औषध, अनेक ठिकाणी २० युनिट, टोचून अर्धा तास पाहतात. गांध उठून पसरली तर पुढे जायचं नाही. चाचणी कोरी आली तरी निर्धास्त होता येत नाही, कारण काही रिॲक्शन एक-दोन दिवसांनी सुरू होतात. 'आधीच खबरदारी' म्हणून स्वतःच्या मनाने ॲलर्जीची गोळी घेऊन जाऊ नका. तिने चाचणीचा निकाल झाकला जातो, शिवाय अँटीहिस्टामिन, स्टेरॉइड आणि ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रांनी एन्झाइमचा परिणामही कमी होऊ शकतो. जागा लाल, गरम, पुवाची वाटत असेल तर आधी संसर्गाचा उपचार, कारण एन्झाइम ऊतींमधली आडकाठी सैल करतं आणि जंतूही पसरू शकतात. त्याच भागात नुकतंच बोटॉक्स घेतलं असेल तर निदान ४८ तास जाऊ द्यावेत, नाहीतर तेही नको तिथे पसरेल.

"स्वतःचंही ॲसिड विरघळून चेहरा कायमचा पडतो."

हा मूळ संदेशाला उलटून येणारा दावा, आणि भीतीमुळे तोही तितकाच पसरला आहे. आपलं स्वतःचं हायल्युरॉनिक ॲसिडही एन्झाइम तोडतं, हे खरं. पण ते शरीर सतत नव्याने बनवत असतं. साधारण ७० किलोच्या माणसात ते १५ ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग बदलतो. एन्झाइमने सैल झालेली त्वचेतली आडकाठी ४८ तासांत पूर्ववत होते, हे या औषधाच्या माहितीपत्रकातही दिलेलं असतं. मग चेहरा ओघळलेला का वाटतो? मोठ्या साठ्याने वर्षानुवर्षं ताणलेली त्वचा रिकामी झाली की सैल दिसते, मधल्या काळात वयही वाढलेलं असतं आणि नजरेला भरलेल्या चेहऱ्याची सवय झालेली असते. हे दुःख खरं आहे, त्याला वेड्यात काढू नये. त्यावरचा उपाय म्हणजे मात्रा टप्प्याटप्प्याने देणं आणि पहिलं फिलर घालण्यापूर्वीचे फोटो समोर ठेवून तुलना करणं.

"मालिश करा, सहा महिन्यांत जातं."

फिलरच्या साखळ्या मुद्दाम रसायनाने जोडलेल्या असतात, त्या लवकर तुटू नयेत म्हणूनच. एमआरआय तपासण्यांत दोन वर्षांनंतरही चेहऱ्यात फिलर सापडलेलं आहे. डोळ्यांखाली ते विशेष रेंगाळतं, पाणी ओढून फुगतं आणि लोकांना ती 'झोप न झाल्याची सूज' वाटते. नुकतं घातलेलं फिलर मालिशने थोडं सपाट होतं. जुनं जोरात चोळलं तर विरघळत नाही, सरकू मात्र शकतं.

"पावडर ऑनलाइन मिळते, कोणीही देऊ शकतं."

देणाऱ्याकडे ॲनाफिलॅक्सिस झाल्यास लागणारं ॲड्रेनॅलिन हाताशी नसेल, ते मांडीच्या स्नायूत देता येत नसेल आणि नंतर निदान अर्धा तास बसवून ठेवायची तयारी नसेल, तर तिथे हे इंजेक्शन घेऊ नका.

आणि एका प्रसंगात दोन आठवडे सोडाच, दोन तासही थांबायचं नसतं. फिलर घेताना किंवा घेतल्यावर त्वचा पांढरी पडली, जाळीसारखे निळसर-जांभळे डाग उमटले, नेहमीपेक्षा जास्त दुखू लागलं, किंवा दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले, तर फिलरने रक्तवाहिनी बंद केल्याची शक्यता आहे. इथे ॲलर्जीच्या चाचणीत वेळ घालवत नाहीत. जितका भाग बाधित तितकी मात्रा मोठी, दर भागाला ५०० युनिटच्या हिशोबाने. रक्तप्रवाह परत येईपर्यंत ती तासातासाने पुन्हा देतात. त्वचेला काही तास मिळतात. नजर अंधुक झाली किंवा डोळा दुखू लागला तर दृष्टिपटलाकडे जेमतेम तास-दीड तास असतो. अशा वेळी थेट नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयात जायचं आणि दारातच सांगायचं की फिलर कोणतं, कुठे आणि किती वाजता घेतलं.