‘बाई, जरा वाचन वाढवा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. आयर्लंडमधल्या डेसमंडच्या अर्लवरच्या, म्हणजे तिथल्या जुन्या सरदारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “लोककथा म्हणजे हरलेल्यांनी स्वतःची घातलेली समजूत. बाई, जरा वाचन वाढवा.” मतभेद जरूर मांडा, पण त्यासाठी समोरच्याचं वाचन काढायची गरज नसते. आमच्या घरी असं बोलणाऱ्याला पाहुणा म्हणून दुसऱ्यांदा बोलावत नसत.

एक मान्य. अर्लचा क्रमांक काही पुस्तकांत १४ वा, काहींत १५ वा येतो, हे मी लिहायला हवं होतं.

आता तुमची ‘समजूत’. हा अर्ल म्हणजे जेराल्ड फिट्झजेराल्ड. त्याला इंग्रज सरकारनं १५७९ मध्ये राजद्रोही ठरवलं. पुढची चार वर्षं आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतात पिकं जळत होती, माणसं भुकेनं मरत होती. शेवटी घात झाला तो गुरांपायी. अर्लच्या माणसांनी मोरियार्टी या स्थानिक आयरिश घराण्याची गुरं हाकून नेली आणि माग काढत ते मोरियार्टी ट्राली गावाजवळच्या ग्लेनागिंटीच्या रानात शिरले. ११ नोव्हेंबर १५८३. पहाटे झोपडीत सापडलेल्या अर्लच्या हातावर तलवारीचा घाव बसला, तसा तो ओरडला की मी डेसमंडचा अर्ल आहे, मला मारू नका. पुढे केली नावाच्या सैनिकानं त्याचं डोकं उडवलं. ते लंडन ब्रिजवर लागलं.

ही हकीकत कागदावर आली ती त्यांच्यातल्याच एका मोरियार्टीच्या जबानीतून, म्हणजे माग काढून अर्लला गाठणाऱ्याच्या तोंडून. तो कागद तुम्हाला पुरावा वाटतो. मी ट्रालीत नोकरी करते, इथेच राहते. वारा घोंगावला की शेजारचे आजोबा सांगतात, “डेसमंड ओरडतोय.” ओरडणं जबानीतही आहे आणि वाऱ्यातही आहे. मग आजोबांचंच तेवढं खोटं कसं? शिवाय समजूतच घालायची असती तर सगळा दोष इंग्रजांवर ढकलून हे लोक मोकळे झाले असते. पण इथे आजही सांगतात की त्याला आपल्याच माणसांनी धरून दिलं. अशी बोचरी गोष्ट चारशे वर्षं जपणाऱ्यांना तुम्ही एका ओळीत निकालात काढता, याचाच मला राग आला.

लॉख गर या तळ्यातून दर सात वर्षांनी चांदीच्या नालांच्या घोड्यावर निघणारा दंतकथेतला अर्ल हा आधीच्या शतकांतला दुसराच जेराल्ड. तो विषय इथे नको. बाकीच्या तुमच्या चार ओळींवरही बोलण्यासारखं काही नाही.

पुढची प्रतिक्रिया मुद्द्याला धरून आली तर नक्की ठेवेन. पुन्हा असाच सूर लावलात तर काढून टाकेन.