आखूड नळी म्हणजे दुर्मीळ नव्हे

विंचेस्टर १८८७ या जुन्या अमेरिकन शॉटगनच्या (छऱ्यांच्या बंदुकीच्या) किमतींवरच्या लेखात आखूड, २० इंची नळीला दुर्मीळ म्हणून सरसकट जास्त किंमत लावली आहे. ते पटलं नाही. कारखान्यातून साधारणपणे ३० वा ३२ इंची नळ्या निघत. २० इंची 'रायट गन', म्हणजे दंगल-बंदोबस्तासाठीची बंदूक, १८९८ पासून आली. बाजारात दिसणाऱ्या आखूड नळ्यांतल्या बऱ्याच करवतीने कापलेल्या असतात. आधी बंदूक रिकामी आहे ना, हे बघा. मग लिव्हर (काडतूस भरायचा खालचा दांडा) बंद करून नळीच्या तोंडातून काठी टेकेपर्यंत आत घाला, तोंडाशी काठीवर खूण करा आणि तिथपर्यंतची लांबी मोजा. माशी (नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा) मूळची आहे का, तोंडाची कड काटकोनात आणि बाकी नळीइतकीच जुनी दिसते का, तेही तपासा. शंका असेल तर वायोमिंगमधल्या कोडी संग्रहालयाकडून कारखान्याच्या वहीतल्या नोंदीचं पत्र मागवा.

बंदुकीच्या डाव्या बाजूवरची कंपनीच्या नावाची गुंफलेली अक्षरं पुसट आणि कडा गोलसर असतील, तर पॉलिश झालंय समजा. केस-हार्डनिंगचे (पोलादाचा पृष्ठभाग कडक करताना उमटणारे) मूळ रंग थोडे जरी उरले असतील तरी त्यांना हात लावू नका. नवीन रंग चढवला की किंमत घसरतेच.

आणखी एक, लेखात राहून गेलेलं. १२ बोरच्या (बोर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) १८८७ चं मूळ चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, २ ५/८ इंचांचं आहे. आजचं २ ३/४ इंची काडतूस आत बसतं, पण उडाल्यावर त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. त्यात ही रचना काळ्या दारूची, म्हणजे जुन्या धुराच्या बारुदीची. चेंबर वाढवून घेतलेलं असेल तर संग्राहक पैसे कापतो, आणि बरोबरच करतो.

याच बंदुकीचं पुढचं, १९०१ चं मॉडेल फक्त १० बोरमध्ये आलं. '१२ बोर १९०१' म्हणून कुणी विकत असेल तर हसून पुढे जा.