एक स्टार दिलेल्या पालकांना: दीड महिना नुसत्या भाकऱ्या कापल्या नाहीत

दादा, नमस्कार.

माझ्या पाचवीच्या क्लासबद्दलचा तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय, "दीड महिना नुसत्या कागदाच्या भाकऱ्या कापल्या. पोराला टक्केवारीचं सूत्र विचारलं तर येत नाही. क्लास कधी वेळेवर सुटत नाही. साडेचार हजार पाण्यात." क्लास उशिरा सुटतो हे खरं आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागते. त्या दिवशी पावसात तुम्ही गेटपाशी वीस मिनिटं उभे होतात, हे मला नंतर कळलं. तसं व्हायला नको होतं.

पण 'दीड महिना नुसत्या भाकऱ्या' हे फार लागलं. रात्रीच हजेरीपट काढून बसले.

१६ जून ते ३१ जुलै, रविवार सोडून ४० दिवस. पाऊस आणि लाइट यांच्यामुळे पाच दिवस क्लास बंद राहिला. उरले ३५. त्यातले आठ दिवस पाढे आणि भागाकार, कारण पाचवीत आलेल्या निम्म्या लेकरांचा भागाकारच कच्चा होता, आणि तो कच्चा असला की अंश-छेद सगळं डोक्यावरून जातं. भाकरी चालली चार दिवस. फक्त चार. बाकीचे २३ दिवस दशांश, शेकडेवारी आणि अपूर्णांक धरून या तिन्हींचा एकमेकांशी मेळ.

तुमचा मुलगा ३५ पैकी २१ दिवस आला. पेरणीचे दिवस होते, घरी माणूस कमी पडतं, मला माहीत आहे. मीही शेतकऱ्याचीच लेक आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भाकरीचे चारही दिवस तो हजर होता आणि दशांश सुरू झाला तेव्हा सलग नऊ दिवस नव्हता. घरी त्यानं जे पाहिलं तेच दाखवलं. लेकराचा दोष नाही. पण माझाही नाही, दादा.

आता भाकरी का, ते सांगते. बॅच सुरू झाली तेव्हा फळ्यावर ०.५ आणि ०.२५ लिहून मोठं कोणतं विचारलं. बावीसपैकी सतरा हात ०.२५ ला वर गेले, कारण २५ हे ५ पेक्षा मोठे. या लेकरांना 'दशांशाला शंभरनं गुणा, टक्का चिन्ह लावा' एवढं सूत्र दिलं असतं तर त्यांनी पाठही केलं असतं. परीक्षेत प्रश्न जरा फिरवला की सगळं कोसळलं असतं. म्हणून वर्तमानपत्राची गोल भाकरी कापली. एकदा दुमडली, अर्धी. पुन्हा दुमडली, पाव. पुन्हा, पावाचा अर्धा, म्हणजे आठवा भाग. मग शंभर चौकटींचा कागद दिला. अर्धा रंगवला तर ५० चौकटी, पाव रंगवला तर २५, आणि आठवा भाग म्हणजे साडेबारा. एक मुलगी शेवटच्या चौकटीपाशी अडली, पेन्सिल उचलली आणि ती चौकट तिरकी चिरून अर्धीच रंगवली. तिला ०.१२५ मी शिकवलं नाही, तिनं ते रंगवलं. त्या कागदावर पाच उभ्या ओळी म्हणजे ०.५, आणि अडीच ओळी म्हणजे ०.२५. त्यानंतर एकही हात चुकीचा वर गेला नाही.

मग आण्यांचा दिवस झाला. तोही तुमच्या मुलाचा चुकला. घरी आजोबांना विचारून यायला सांगितलं होतं. जुन्या रुपयात १६ आणे आणि ६४ पैसे होते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि रुपयाचे १०० पैसे झाले. चार आणे म्हणजे जुने १६ पैसे, आणि नव्यात २५. पाव रुपया मात्र पावच राहिला. सोळापैकी चार, चौसष्टपैकी सोळा, शंभरपैकी पंचवीस. छेद बदलला, वाटा तोच. लेकरांनी ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तेव्हा मी 'शतमान' हा शब्द फळ्यावर लिहिला. त्याआधी लिहिला असता तर नुसता शब्द राहिला असता.

शेकडेवारी आपल्याकडच्या लेकरांना परकी नाही. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीन नेलं की ओलावा किती, हे ती ऐकतातच. क्विंटल म्हणजे १०० किलो, म्हणून १२ टक्के ओलावा म्हणजे क्विंटलामागे १२ किलो पाणी. पूर्वी पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली की दुष्काळ धरायचे, हेही त्यांनी घरात ऐकलेलं. ५० पैसे म्हणजे नेहमीच्या पिकाचा निम्मा भाग, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं एवढंच.

सूत्र येत नाही म्हणालात. त्याला एवढंच विचारून बघा, पाचपैकी दोन म्हणजे किती टक्के? दहापैकी चार, शंभरपैकी चाळीस, असं त्यानं सांगितलं तर त्याला येतंय. नाही सांगितलं तर मी घेईन, नऊ दिवसांचा भाग पुन्हा घेईन, वेगळी फी नको. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत ८० पैकी २० प्रश्न अंकगणिताचे असतात, म्हणजे पाव पेपर. तो पाव भाग घालवावा असं मला का वाटेल?

साडेचार हजार ही पूर्ण वर्षाची फी आहे, फेब्रुवारीपर्यंत. लातुरात क्लासला तोटा नाही, मोठे बोर्ड, मोठे हॉल आहेत. माझ्या भाड्याच्या दोन खोल्या आणि बावीस लेकरं. अकरा वर्षं जाहिरात केली नाही, पालकांनीच पालकांना सांगितलं. आज सकाळपासून दोन आयांचे फोन आले, 'मॅडम, खरंच काही शिकवत नाही का?' म्हणून. काय उत्तर द्यायचं ते कळेना. तुम्ही आधी एकदा मला फोन केला असता तर बरं झालं असतं, एवढंच वाटतं.

सुटायच्या वेळेचं मी नक्की बघते. आठवड्यात काय झालं ते ग्रुपवर टाकत जाईन, जमेल तसं.

त्याची चौकटींची वही इथंच राहिली आहे. तो आला तेव्हा पहिल्या पानावर त्यानं पाऊण भाग बरोबर रंगवलाय, ७५ चौकटी, एकही कमी-जास्त नाही. उद्या त्याच्याजवळ देते, बघून घ्या.