पदवीला शेपूट नको

गेल्या महिन्यात एका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर छाननीची यादी लागली. माझ्या नावापुढे शेरा होता : ‘अपात्र. पदव्युत्तर पदवी संबंधित विषयात नाही.’ जाहिरात मानसशास्त्राच्या सहायक प्राध्यापकाची. माझी पदवी समुपदेशन मानसशास्त्राची. यादी तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली आणि ठरवलं, की एवढं ज्ञान स्वतःपुरतं ठेवणं बरं नव्हे. तुम्हालाही पुढेमागे विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायचं असेल, तर पुढच्या सूचना जपून ठेवा. दोन प्रतींत. स्वसाक्षांकित करून.

एमएला ५५ टक्के पाडा. राखीव प्रवर्गाला पाच टक्क्यांची सवलत आहे, बाकीच्यांना ५४.९ पडले तर दुसरा धंदा बघा.

मग नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा : नेट देशपातळीवरची, सेट राज्याची. नेटचा पेपर सोपा गेला म्हणून लगेच पेढे वाटू नका. १८ जून २०२४ ला झालेली परीक्षा १९ जूनला रद्द झाली होती. सेटमध्ये हा ताप कमी, पण तिची किंमतही कमी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतल्या गुणांच्या तक्त्यात विद्यापीठातल्या पदासाठी जेआरएफला, म्हणजे नेटमध्ये संशोधनाची शिष्यवृत्तीही मिळवली तर, सात गुण, नुसत्या नेटला पाच, सेटला तीन. मला तीन.

पीएचडी करावी का? ती विद्यापीठात १ जुलै २०२१ पासून सक्तीची होणार होती. मग ती तारीख १ जुलै २०२३ झाली. ती तारीख उजाडायच्या तोंडावर आयोगाने सांगितलं, की सक्ती नाही, ऐच्छिक आहे. मात्र त्याच तक्त्यात पीएचडीला तीस गुण आहेत. तेव्हा अगदी ऐच्छिकपणे करा.

शोधनिबंध छापा. एकाला दोन गुण. आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या ‘केअर’ यादीतलंच नियतकालिक हवं म्हणून आम्ही काही वर्षं धावलो, फेब्रुवारी २०२५ मध्ये यादीच बंद झाली. धावण्याने प्रकृती चांगली राहते.

तासिका तत्त्वावरचा अनुभव भरपूर घ्या. तो धरत नाहीत, पण घ्या.

आता मुख्य सूचना. पदवीच्या नावात ‘मानसशास्त्र’ हा शब्द एकटा हवा. त्याच्या मागेपुढे कुणी नको. समुपदेशन, चिकित्सा, औद्योगिक, उपयोजित, असलं काहीही शेजारी दिसलं की संपलं. आयोगाच्या नियमात पदवी संबंधित, सुसंगत किंवा संलग्न विषयातली चालेल अशा अर्थाचं लिहिलंय. तीन-तीन शब्द घातलेत, कुणी उगाच सुटू नये म्हणून. छाननीच्या टेबलावर तिन्हींचा अर्थ एकच : तंतोतंत.

मी फोन केला.

“मॅडम, तुमच्या पदवीवर समुपदेशन लिहिलंय.”

“समुपदेशन मानसशास्त्र लिहिलंय.”

“हो, पण जाहिरातीत समुपदेशन नाहीये.”

“मानसशास्त्र आहे ना?”

“ते आहे. तुमचं समुपदेशन जास्तीचं होतंय.”

जास्तीचं! मग म्हणाले, समकक्षता प्रमाणपत्र आणा, हरकती नोंदवायला सात दिवस आहेत. ज्या विद्यापीठाने पदवी दिली तिथे गेले. ते म्हणाले, आमच्याच पदवीला आम्ही समकक्ष कसं म्हणणार, नोकरी देणाऱ्यांनी ठरवायचं. नोकरी देणारे म्हणाले, पदवी देणाऱ्यांनी ठरवायचं. मग कुणीतरी विभागप्रमुखांचं पत्र चालेल म्हणालं. विभागप्रमुख म्हणाले, पत्र देतो, पण ते चालणार नाही. हा त्या आठवड्यात मला भेटलेला एकमेव प्रामाणिक माणूस. सातव्या दिवशी संध्याकाळी अभ्यासक्रमाची प्रत, गुणपत्रकं आणि सेटचं प्रमाणपत्र जोडून हरकत दिली. सेट मी मानसशास्त्रातच पास झालेय, हीच पदवी दाखवून. एमएच्या पहिल्या वर्षी संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, मनोमापन हे पेपर ‘नुसत्या’ मानसशास्त्राच्या मुलांबरोबर एका वर्गात बसून दिलेत, त्याच बाकावर, त्याच सरांसमोर. माझ्या बाकावरची मैत्रीण आज पात्र आहे. मी संलग्नसुद्धा नाही.

पदवीच्या प्रात्यक्षिकात म्युलर-लायरचा भ्रम असतो. दोन रेषा सारख्या लांबीच्या. एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर. बघणाऱ्याला दुसरी लांब वाटते. पट्टी लावून मोजून दाखवलं तरी वाटतच राहते. हे प्रात्यक्षिक गेली सात वर्षं एका महाविद्यालयात मीच घेते, तासिका तत्त्वावर. तिथे माझं शेपूट कुणाला दिसत नाही. तासावर पैसे द्यायचे असले की मी मानसशास्त्राची. वेतनश्रेणी द्यायची वेळ आली की समुपदेशनाची.

आणि या छाननीत उतरलं तरी कोण असतं? १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढून या विषयाला वेगळं घर देणारे विल्हेल्म वुंट : पदवी वैद्यकाची. अपात्र. हार्वर्डमध्ये मानसशास्त्र शिकवणारे विल्यम जेम्स : शिकून मिळवलेली पदवी एकच, तीही वैद्यकाचीच. अपात्र. मुलांचा विचार कसा वाढतो हे ज्यांच्याकडून आपण अजून शिकतो ते पियाजे : डॉक्टरेटचा प्रबंध गोगलगायींच्या जातकुळीतल्या प्राण्यांवर. बहुधा फाइलच फेकली असती. मेरी कॅल्किन्स यांचं बरं होतं. त्यांनी पीएचडीचं सगळं काम पुरं केलं, पण बाई म्हणून हार्वर्डने पदवीच दिली नाही, त्यामुळे पदवीच्या नावावरून भांडण नाही! १९०५ मध्ये त्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या ते सोडा. कागद कुठाय?

मुलाखतीपर्यंत पोचलात तर एवढंच लक्षात ठेवा, की त्याच २०१८ च्या नियमांत तक्त्यातले गुण फक्त बोलावण्यापुरते आहेत, निवड मुलाखतीवर. मागे एकदा पोचले होते मी. सहा मिनिटं मिळाली, त्यातली दोन ‘गाव कुठलं’ यात गेली. सगळ्यांना तेच प्रश्न, ठरलेले निकष, त्यावर गुण, अशी बांधीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा माणसाच्या कामाचं भाकीत चांगलं करते, हे औद्योगिक मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असतं. ते शिकवणारेच समोर बसले होते. फळा मागे होता. कुणी म्हणालं नाही, की बाई, उठा, दहा मिनिटं शिकवून दाखवा.

जाऊ दे. सूचना वगैरे पुरे झाल्या.

सर, मॅडम, तुमच्याशीच बोलते आता. फोनवरच्या कारकुनाला मी काही म्हणत नाही, त्याच्यासमोर नावांचा तक्ता होता आणि तो तक्ता त्याने बनवलेला नाही. पण छाननी समितीत विषयतज्ज्ञ म्हणून तुम्ही होतात ना? समुपदेशन मानसशास्त्र हे मानसशास्त्र आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं? तुमच्याच विभागात तो अभ्यासक्रम चालतो, त्याची फी तुमचा विभाग घेतो, प्रवेशाच्या वेळी मुलांना ‘यात खूप स्कोप आहे’ असं तुम्हीच सांगता. मग तीच मुलं अर्ज घेऊन आली की तुम्ही खाली बघता. मनोमापनाच्या तासाला तुम्हीच फळ्यावर लिहिता, की चाचणीने जे मोजायला हवं ते मोजलं तर ती वैध. मग ही कुठली चाचणी तुम्ही लावलीत? काय मोजलंत तिने? अक्षरं? वर्गात मिलग्रॅमचा प्रयोग सांगताना केवढा आवाज चढतो तुमचा, की प्रयोगशाळेच्या कोटातल्या माणसाने सांगितलं म्हणून, आपण दुसऱ्याला विजेचे झटके देतोय असं वाटत असूनही, माणसं बटण दाबत गेली! इथे तर कोटही नव्हता. एक परिपत्रक होतं, तेही तुम्ही उघडून वाचलं नाहीत. वाचलं असतंत तर संलग्न हा शब्द दिसला असता.

माझ्या हरकतीवर उत्तर आलंय, ‘समितीचा निर्णय अंतिम.’ खाली सही नाही, नाव नाही. निदान तेवढं करा. अपात्र लिहिलंत तिथे कारण लिहा आणि स्वतःच्या पूर्ण नावाने सही करा. आणि हो, सहीखाली तुमची स्वतःची पदवी लिहा. पूर्ण नाव, शेपटासकट.