‘जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देऊन मिटवण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. पगारदार माणसाने पहिली गाडी चार वर्षं वापरलेली घ्यावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर सांगलीच्या या सरांचं म्हणणं असं, की हा सल्ला माणसाला खड्ड्यात घालणारा आहे. त्यांच्या मेहुण्यांनी गेल्या वर्षी पुण्यातल्या एका डीलरकडून ३ लाख ९० हजारांना जुनी गाडी घेतली. पावसाळा सुरू झाल्यावर वायरिंगची दुखणी निघाली आणि गॅरेजमध्ये उघडल्यावर कळलं, की गाडी पुरात बुडालेली होती. सर स्वतः आता नवी छोटी गाडी बघताहेत. जीएसटी उतरलाय, बँक ७ लाख द्यायला तयार आहे, आणि त्यांच्या शब्दांत, ‘हप्ता ठरलेला असतो, माणूस निश्चिंत झोपतो.’

मेहुण्यांचं वाचून वाईट वाटलं. त्यांच्याकडे मी शेवटी येते, कारण तिथे अजून करण्यासारखं आहे. आधी त्या निश्चिंत झोपेबद्दल.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच हिशेब मांडू. शोरूमची किंमत ७ लाख ३० हजार. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ८० हजारांच्या वर. विमा आणि बाकीचा खर्च धरून गाडी रस्त्यावर यायला साडेआठ लाख. दीड लाख पदरचे, ७ लाख कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत ७ वर्षं. हप्ता बसतो ११ हजार २६० च्या आसपास आणि सात वर्षांत नुसतं व्याजच जवळजवळ अडीच लाख जातं.

मला भीती आहे ती तिसऱ्या वर्षाची. तोवर तुमचे ४ लाख ५ हजार भरून झालेले असतील आणि कर्ज अजून साडेचार लाख बाकी असेल. विम्याच्या तक्त्यात गाडीला तीन वर्षं उलटली की ४० टक्के घसारा (वापरामुळे किमतीत होणारी घट) धरतात. ७ लाख ३० हजारांचे उरतात ४ लाख ३८ हजार. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात निकामी झाली, तर विम्याचे ते पैसे सरळ बँकेकडे जातात, वर खिशातले दहा-पंधरा हजार जातात आणि दारात गाडी नसते. विकायला काढली तर बाजारात थोडे जास्त मिळतील, पण त्यातलेही बहुतेक बँकेचेच. तुमची मुलगी आत्ता अकरावीत आहे, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तिच्या इंजिनीअरिंगच्या फीचे दिवस आणि हे दिवस एकच. हप्ता ठरलेला असतो हे खरं, पण घरातला बाकी खर्च ठरलेला नसतो, आणि हप्ता त्याच्यासाठी थांबत नाही.

आता तशीच २०२२ ची गाडी साडेचार लाखांना मिळाली असं धरू. तेच दीड लाख पदरचे, ३ लाखांचं कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त पडतं, १२ टक्के धरा. तीन वर्षांच्या मुदतीने हप्ता येतो १० हजारांच्या किंचित आत. महिन्याचा बोजा जवळजवळ तोच! पण ज्या दिवशी नव्या गाडीवाल्याच्या डोक्यावर साडेचार लाख असतात, त्या दिवशी तुमचं कर्ज फिटलेलं असतं आणि गाडी पूर्ण तुमची असते. व्याज गेलेलं असतं साठ हजारांच्या आत. राहिला दुरुस्तीचा खर्च. चारही टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन असं सगळं एकदम निघालं तरी छोट्या गाडीला पन्नास हजारांच्या आसपास लागतात. तेवढी रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा, म्हणजे कधी खर्च निघेल हे माहीत नसलं तरी किती निघेल याची धास्ती राहत नाही.

जीएसटीचा मुद्दा रास्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ वर आला आणि नव्या-जुन्यातलं अंतर काही महिने खरोखर कमी झालं. पण नवी स्वस्त झाली की जुनीला आधीचा भाव कोण देणार? म्हणून जुनीचा भाव करताना आजच्या नव्या किमतीवरून खाली या. विकणारा २०२२ मध्ये आपण काय मोजले होते ते सांगेल, त्याला धरून बसू नका.

सुरक्षेबद्दल मात्र मी तुमच्याहून कडक आहे. नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्याच मॉडेलना सक्तीची झाली ती २०२१ संपता संपता. शेजारच्या सीटवर तुमची मुलगी बसणार आहे. त्याआधीची गाडी दीड लाखाने स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

पुराच्या गाडीकडे वळू. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण; त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांपैकी काही धुऊनपुसून लांबच्या शहरात विकायला येतात, हे या धंद्यातले लोकही नाकारत नाहीत. मी एका मैत्रिणीसाठी गाडी बघायला गेले होते तेव्हाची गोष्ट. पॉलिश केलेली, आत अत्तरासारखा वास, आणि विकणाऱ्याचं नेहमीचं पालुपद, ‘डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड.’ आमचे मेकॅनिककाका बॉनेटकडे फिरकलेही नाहीत. मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढत गेले, पार शेवटपर्यंत, ओढला जाईना तोवर. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट आडवी रेघ होती. पट्टा गुंडाळलेला असतो, धुणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही. मग त्यांनी डिकी रिकामी करून स्टेपनी उचलली. खालच्या खड्ड्याच्या कडेला काळा गाळ वाळून पापुद्र्यासारखा बसला होता, नखाने निघत होता. पुढच्या सीटखालचे रूळ गंजलेले होते, आणि त्यांचे बोल्ट मात्र नवे कोरे. विकणाऱ्याने भाव ४० हजारांनी खाली आणला, तेव्हा काका म्हणाले, ‘फुकट दिलीस तरी नको.’

हे बघायला दहा मिनिटं लागतात आणि ते कुणीही बघू शकतो. शिवाय गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुना रेकॉर्ड मागा. किलोमीटर मागे फिरवलेत का, हे तिथल्या नोंदींवरून लगेच उघड होतं. विकणारा रेकॉर्ड दाखवायला कां-कूं करू लागला की उठायचं. मला विचाराल तर ओळखीतल्या माणसाची, तुमच्याच गावात रोज दिसणारी गाडी सगळ्यात बरी. दोन वैयक्तिक मालकांमधल्या अशा व्यवहारावर जीएसटीही लागत नाही.

नवी घ्यायचीच असेल तर कुणी घ्यावी? ज्याला रोज सांगली-कोल्हापूर ये-जा आहे, ज्याचं वर्षाचं फिरणं भरपूर आहे आणि ज्याच्याकडे निम्मी रक्कम रोख आहे, त्याने खुशाल नवी सीएनजी घ्यावी आणि कर्ज तीन-चार वर्षांत संपवावं. तुमचं कॉलेज घरापासून चालत दहा मिनिटांवर, गाडी लागणार ती रविवारी आणि सणासुदीला गावी जायला. त्यासाठी सात वर्षांचं कर्ज नको, एवढंच माझं सांगणं आहे. नवी गाडी दारात उभी करून औक्षण करण्याचा आनंद मोठा असतो, तो मी उणा लेखत नाही. मुलीचं शिक्षण मार्गी लागल्यावर तो जरूर घ्या.

आता मेहुण्यांचं. गाडी अजून आधीच्या मालकाच्याच नावावर आहे असं तुम्ही ओघात लिहून गेलात, पण तेच सगळ्यात तातडीचं आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन नाव बदलायला टाका. विमाही नावावर करून घ्यायला सांगा. त्याचा अर्ज व्यवहारापासून १४ दिवसांत द्यायचा असतो, तो राहिला असेल तर आजच विमा कंपनीत जायला हवं. समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा नावावर नसताना टिकत नाही. पुराबद्दल विमा कंपनीकडे आधीच्या दाव्याची माहिती लेखी मागा. दावा झालेला निघाला तर तो मोठा पुरावा आहे. गाडी डीलरकडून घेतलीय, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. गॅरेजवाल्याकडून लेखी अहवाल घ्या, गाळाचे आणि गंजाचे फोटो काढा, डीलरचं बिल, जाहिरात आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. आणि हे सगळं हातात येईपर्यंत वायरिंग दुरुस्त करून घेऊ नका, नाहीतर पुरावाच पुसला जाईल.