मागे राहिलास म्हणजे नक्की कोणाच्या मागे?

ऑनलाइन आरपीजी (आपलं एक पात्र घडवत, वाढवत न्यायचे गेम) खेळणारा कोणीही थोडे दिवस गायब होऊन परत आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "खूप मागे राहिलो यार." परीक्षा होती, घरात लग्न होतं, नाईट शिफ्ट लागली होती, कारण काहीही असो, परत येताना चेहरा असा की जणू इएमआय थकलाय. आणि मग हातात आलेला सगळा मोकळा वेळ तो बॅकलॉग भरण्यात घालवायचा. मला हे मनापासून पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहिते, कारण हे गेम आतून कसे चालतात ते नीट पाहिलं तर यातलं बरंचसं ओझं उचलायची गरजच नसते.

मी फायनल फँटसी फोर्टीन खेळते, त्यामुळे उदाहरण तिथलंच देते. एंडवॉकर या विस्ताराच्या ६.२ पॅचमध्ये (पॅच म्हणजे गेममध्ये अधूनमधून येणारी नवी भर) टोमस्टोनचं, म्हणजे खेळून मिळणाऱ्या टोकनांवर घ्यायचं गिअर (चिलखतं, शस्त्रं) घेऊन, ते अपग्रेड करून आपण ६३० आयटम लेव्हलपर्यंत, म्हणजे गिअरच्या ताकदीच्या त्या आकड्यापर्यंत जायचो. आठवड्याला ४५० टोमस्टोनची मर्यादा आणि नुसतं छातीचं चिलखत ८२५ चं, म्हणजे एका चिलखतासाठी दोन आठवडे, असं करत करत पूर्ण सेट व्हायला काही महिने जायचे. मग ६.४ आला आणि क्राफ्टर, म्हणजे गेममध्ये वस्तू बनवणाऱ्या खेळाडूंनी केलेलं नवं गिअर किती लेव्हलचं? ६४०. मार्केट बोर्डवर (खेळाडूंच्या बाजारात) जा, गिल (तिथलं चलन) मोजा, घाला अंगावर. पहिल्या आठवड्यात भाव चढे असतात, थोडं थांबलं की उतरतात. म्हणजे ज्याने दर आठवड्याला न चुकता ४५० भरले तो आणि जो मधले सगळे महिने फिरकलाच नाही तो, नव्या रेडच्या (ग्रुपने मिळून मारायच्या अवघड लढायांच्या) दारात जवळपास एकाच रेषेवर. हे चुकून होत नाही, मुद्दाम तसं बांधलेलं आहे, साधारण दर दोन मोठ्या पॅचनंतर असंच होतं. मधल्या काळात ज्यांना आपल्या ग्रुपबरोबर तो रेड मारायचा होता त्यांनी ग्राइंड केलं, म्हणजे तेच तेच पुन्हा खेळून टोमस्टोन भरले, त्यांचं ते गिअर सत्कारणी लागलं. पण रेड करायचाच नव्हता आणि तरी "मागे पडू नये" म्हणून कोणी रोज रात्री ते भरत बसलं असेल तर त्या रात्री कुठे गेल्या?

या गेमचा प्रोड्युसर आणि डायरेक्टर नाओकी योशिदा, ज्याला सगळे योशी-पी म्हणतात, त्याने स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलंय की मन भरलं की सबस्क्रिप्शन थांबवा, दुसरे गेम खेळा आणि नवा पॅच आला की परत या. दर महिन्याला सबस्क्रिप्शन घेणाऱ्या कंपनीचा माणूस हे बोलतो, आणि गेमची रचनाही त्याला धरून आहे, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

आता माझ्या भाच्याचं सांगते. एंट्रन्स संपली, सुट्टी लागली आणि साहेबांनी चक्क एक्सेल शीट केली. कथेचे विस्तार ओळीने, शॅडोब्रिंगर्स इतक्या दिवसांत, एंडवॉकर इतक्या दिवसांत, डॉनट्रेल शेवटी, शेजारच्या रकान्यात रोजचे क्वेस्ट (कथेतली कामं). हॉस्टेलचे मित्र सगळे लेव्हल १०० ला पोचलेले म्हणून हा कट्सीन (कथा दाखवणारे सिनेमासारखे प्रसंग) स्किप करत सुटला होता. शॅडोब्रिंगर्सचे कट्सीन! ज्यासाठी लोक हा गेम घेतात ती गोष्टच हा पळवत नेत होता. मी त्याला म्हटलं, अरे कथा कुठे पळून जाते का? २०१३ पासूनची सगळी तिथेच आहे, पुढच्या वर्षीही असेल. तर म्हणाला, "पण मावशी ते सगळे पुढे गेलेत ना, माझ्याबरोबर कोण खेळणार?"

याचं उत्तर या गेमने फार सुंदर दिलंय. लेव्हल १०० चा माणूस जुन्या डंजनमध्ये (छोट्या पार्टीने पार करायच्या गुहा-किल्ल्यांत) आला की गेम त्याला त्या डंजनच्या लेव्हलला उतरवतो, आणि जुन्या डंजनला यायचं त्यालाही कारण असतं, कारण त्याला रोजचं रुलेट करायचं असतं, म्हणजे गेम निवडेल ते डंजन खेळून बक्षीस मिळवायचं असतं. त्यात पार्टीत कोणी पहिल्यांदाच आलेला असेल तर बाकीच्यांना वरून बोनस. म्हणजे तू "मागे" आहेस म्हणून त्यांना जास्त मिळतं! पूर्वी प्रेटोरियम या कथेतल्या डंजनमध्ये नवखा कट्सीन बघत बसायचा आणि बाहेर येईपर्यंत जुन्या लोकांनी बॉस संपवलेला असायचा. २०१८ मध्ये तिथले कट्सीन स्किप करणंच बंद केलं, २०२२ मध्ये ती सगळी जागाच नव्याने बांधली. नवख्याला त्याची गोष्ट बघता यावी म्हणून एवढा खटाटोप केलाय त्यांनी. आणि लोकांसमोर संकोच वाटत असेल, किंवा मधेच आई हाक मारेल अशी परिस्थिती असेल, तर मुख्य कथेतली चार जणांची डंजन्स आता कॉम्प्युटरची पात्रं सोबत घेऊनही करता येतात, कोणाचा खोळंबा नाही. पैसे देऊन कथा स्किप करायची सोयही स्टोअरवर आहे, ती मी तरी कोणाला सुचवणार नाही.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या ऑनलाइन गेमचं उदाहरणही मला फार आवडतं. टेस्टिंगच्या काळात त्यात बराच वेळ खेळलं की अनुभव (लेव्हल वाढवणारे पॉइंट) कमी मिळायला लागायचा, लोक वैतागले. मग ब्लिझार्ड या त्यांच्या कंपनीने तेच गणित उलटं मांडलं, विश्रांती घेऊन आलात तर मारलेल्या राक्षसांचा दुप्पट अनुभव. सरायमध्ये पात्र झोपवलं की दर आठ तासांना लेव्हलच्या ५ टक्के बोनस साठतो, कमाल दीड लेव्हल. हिशोब करा, दहा दिवस गायब राहिलात की टाकी फुल. गणपतीला गावी जाऊन आलात तरी गेम तुम्हाला काहीतरी देऊनच आत घेतो.

पण सगळीकडे असं नाहीये. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये रेझिन, म्हणजे बक्षिसं घ्यायला लागणारी ऊर्जा, दर ८ मिनिटांना एक भरतं. मर्यादा १६० होती तेव्हा ते २१ तास २० मिनिटांत भरायचं, म्हणजे दिवसातून एकदाच, ठराविक वेळी लॉगिन करणाऱ्याचं रोज थोडं वाया जाणारच. २०२४ मध्ये मर्यादा २०० केली, आता भरायला २६ तास ४० मिनिटं लागतात. आकडा फक्त ४० ने वाढला पण आता त्यात अख्खा दिवस मावतो, ऑफिसातून येऊन जेवून मग सावकाश लॉगिन करता येतं. हे त्यांनी आधीच करायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तिथे बऱ्याच इव्हेंटच्या कथा मुदत संपली की जातात त्या जातातच, बारावीच्या पोराने परीक्षेनंतर त्या बघायच्या कुठे? फायनल फँटसीतही खेळाडूच्या गेममधल्या घराचा नियम मला असाच खटकतो. ४५ दिवस घरात पाऊल टाकलं नाही तर घर पाडतात. जागा कमी आणि मागणारे भरपूर, हे मान्य, पण एकीकडे खुशाल सुट्टी घ्या म्हणायचं आणि दुसरीकडे घरावर बुलडोझर, हे जुळत नाही. बाळंतपणासाठी, आजारपणासाठी, परीक्षेसाठी आधी कळवून घर राखून ठेवायची सोय द्यायलाच हवी.

म्हणून मी एकच बघते, ही गोष्ट थांबणारी आहे की निघून जाणारी. कथा, डंजन, लेव्हल, जुनं गिअर सगळं थांबतं, त्याला हात लावायचा तो मूड असेल तेव्हाच. निघून जाणाऱ्यातलं जे खरंच हवंय तेवढंच करायचं, बाकीचं जाऊ द्यायचं. फायनल फँटसीत आपल्या वेळेप्रमाणे रोजचा रिसेट (रोजची बक्षिसं नव्याने सुरू होण्याची वेळ) रात्री साडेआठला होतो, ऐन जेवणाच्या वेळी, आणि लॅबमधून आल्यावर ताट सोडून रुलेटला मी बसत नाही. आठवड्याचा रिसेट मंगळवारी दुपारी दीडला, म्हणजे शनिवार-रविवार हातात असतो. रविवारी एखादी हंट ट्रेन (एकामागून एक मोठे राक्षस मारत फिरणारा खेळाडूंचा जथा) पकडली की टोमस्टोन बऱ्यापैकी होतात, आणि नाही झाले तर नाही.

बाकीच्या रात्री माझ्या. गेममधल्या लिम्सा बंदरातून दर दोन तासांनी मासेमारीची बोट सुटते, साडेअकराच्या बोटीवर मी आणि जर्मनीतली एक मैत्रीण गळ टाकून गप्पा मारतो, तिची संध्याकाळ असते, माझा मुलगा झोपलेला असतो. त्यातून माझं गिअर एका आकड्यानेही वाढत नाही. पण आठवडाभर मी ज्याची वाट बघते ते हेच.

भाच्याने शीट बंद केली, आता कट्सीन बघत बघत सावकाश चाललाय, मधेच मेसेज येतात, "मावशी हे काय झालं!!" शॅडोब्रिंगर्सच्या शेवटच्या डंजनला मी टँक (मार झेलणारी) म्हणून जाणार आहे, जर्मनीवाली डीपीएस (मार देणारी), भाचा डीपीएस. हीलर (जखमा भरणारा) लागतोय. लेव्हल ८० च्या पुढे कितीही असू दे, ते डंजन उघडलेलं हवं, फक्त भाच्याला पुढचं काही सांगायचं नाही आणि तो कट्सीन बघत असला की थांबायचं. कोणी येणार असेल तर मला मेसेज करा, शनिवारी जेवणं उरकल्यावर निघू.