कपाच्या बुडावर घासून प्रत्येक सुरीला धार येत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. तुमच्याकडेही आला असेल. धारवाल्याला पैसे देऊ नका, चिनी मातीचा कप उलटा करून त्याच्या बुडावर वीस वेळा घासा, कोणतीही सुरी नव्यासारखी होते. कप नसेल तर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल कापा. बोटाला खरखर लागली की धार आली समजा. आणि खाच पडली असेल तर ग्राइंडरवर धरा, दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेत दिवसभर विळा चालतो आणि तो पाजवण्याचं काम अनेक वर्षं माझ्याकडेच आहे. या मेसेजपायी चांगली पाती वाया जाताना पाहिली, म्हणून लिहितोय.

कपाचं म्हणणं अर्धं खरं आहे. बुडाच्या कडेवर चकाकी नसते आणि ती भाजलेली माती लोखंडापेक्षा कठीण असते, त्यामुळे ती पातं खरवडते. जरा मंदावलेली सुरी तेवढ्यावर एक-दोन दिवस निभावते. पण ‘कोणतीही सुरी’ हे शब्द खोटे आहेत. धार जाण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. कुठे ती गोल झालेली असते, कुठे एका बाजूला मुडपलेली, कुठे खाच पडलेली. केळीच्या विळ्याचं तर निम्म्या वेळा वेगळंच निघतं. धार जागेवर असते, वर चीक वाळून काळा थर चढलेला असतो. तो आधी पुसा, मग दगड शोधा.

काय बिघडलंय ते पाहायला पैसा लागत नाही. पातं धार वर करून बल्बखाली किंवा उन्हात धरा आणि हळूहळू कलतं करा. चांगली धार दिसतच नाही, कारण उजेड परतवायला तिला रुंदीच नसते. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे धार गोल झालीय किंवा मुडपलीय. एखादाच ठिपका चमकला तर तिथे खाच आहे.

एक दोष मात्र उजेडातही दिसत नाही. भरितासाठी कांद्याची पात चिरताना ती तुटत नाही, माळेसारखी एकमेकांना चिकटून राहते, हे तुम्ही पाहिलं असेल. सगळे म्हणतात धार गेली, आणि पुन्हा घासतात. आमच्या घरच्या सुरीला धार उत्तम होती, पण धारेच्या ओळीत मधोमध लवण, म्हणजे खोलगट भाग, पडली होती. वर्षानुवर्षं फक्त मधलाच भाग दगडावर फिरला, मुठीजवळची टाच तशीच उंच राहिली. पाटावर टाच टेकते, मधला भाग अधांतरी राहतो आणि पात जोडलेली राहते. सुरीचा सरळ भाग सपाट फरशीवर उभा टेकवून मागे बॅटरी धरा, फटीतून उजेड येईल. अशा सुरीचा मधला भाग जितका घासाल तितकी लवण वाढेल. टाच उतरवून ओळ सरळ करायची आणि मग सगळीकडे सारखी धार लावायची. आमच्या सुरीला दोन संध्याकाळी लागल्या. दगड स्वतः मधे खोल झाला असेल तर तोही आधी फरशीवर ओली वाळू टाकून सपाट करा.

फॉइलचं थोडक्यात सांगतो. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा कितीतरी मऊ आहे, ते पातं घासूच शकत नाही. फार तर मुडपलेली किनार थोडी सरळ होते.

सगळ्यात घातक मला ‘खरखर लागली की धार आली’ हे वाटतं, कारण ते खऱ्याच्या फार जवळचं आहे. एका बाजूने घासत गेलात की लोखंडाची अगदी पातळ किनार पलीकडे वळते. पाठीकडून धारेच्या बाहेर अंगठा हलकेच सरकवला (धारेवरून लांबीने कधीच नाही) की ती लागते. त्याचा अर्थ इतकाच की घासणं टोकापर्यंत पोचलं. ती टाचेपासून अणीपर्यंत सलग लागली पाहिजे. मधे तुटली तर तिथे अजून पोचलेला नाहीत. अशा वेळी पात्याच्या उतारावर मार्करची शाई लावून दोनदा घासा. धारेपाशी शाई उरली तर पातं फार आडवं धरताय, फक्त धारेवरचीच गेली तर फार उभं. घरच्या सुरीला प्रत्येक बाजूने 15 ते 20 अंश पुरतात, कोयत्याला 25 ते 30 ठेवावेत.

पण ती किनार तशीच ठेवून उठलात तर सुरी पहिला टमाटा झकास कापते आणि दहाव्याला बोथट होते, कारण किनार मोडते किंवा आडवी होते. ती काढायला दोन्ही बाजू आलटून-पालटून, दर वेळी जोर कमी करत, शेवटी नुसत्या पात्याच्या वजनाने फिरवायच्या. मग जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून ओढायची. गेली की नाही ते पाहायला आपल्याकडे कापूस आहेच. सरकी काढलेला बोळा पात्याच्या बाजूने धारेकडे हलकेच पुसत न्या. किनार उरली असेल तिथे तंतू अडकून राहतात.

आता ग्राइंडर. हातातला लहान ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे फिरतो. धार म्हणजे पात्याचा सगळ्यात पातळ भाग, तो काही सेकंदांत तापतो. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेल्या विळ्याला लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, तिथेच उतरतं. 300 अंशांच्या आसपास लोखंड निळं पडतं. तो निळा डाग दिसला की तेवढी जागा मऊ झाली, तिथे लावलेली धार टिकत नाही. दगडावर घासून डाग पुसला जातो, मऊपणा आत राहतो.

बारीक खाच असेल तर तिच्या मागे लागू नका, चार-सहा वेळा पाजवताना ती आपोआप निघते. मोठी असेल तर धारवाल्याकडेच जा. त्याच्याजवळ उभे राहा, दर दोन-तीन घासांना पातं पाण्यात बुडवायला सांगा, आणि घरी आणल्यावर कापसाचा बोळा फिरवून पाहा.